तिसऱ्या वर्षीचा लाल

ब्राह्मणपुरी, ता. १८ जून १९१६

तीर्थस्वरूप कौसाताईच्या पायांशी नवलचा दंडवत. विशेष असे की,

मी पुण्याचं कॉलेज सोडून आलो हे तुला कळलंच असेल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, जे सांगायचं ते बैलांना सांगतात आणि मी शेजारून ऐकतो. कशासाठी आलो हे विचारू नकोस. तुझ्या घरासमोर राहणाऱ्या प्रमिलाचं नाव मी इथे लिहीत नाही, म्हणजे लिहिलंच.

तिच्या वडिलांना, भिला पाटलांना, भेटलो. तुझे चुलतसासरे म्हणून चहा मिळाला. म्हणाले, कॉलेज अर्धं, शेती अर्धी, अशा अर्ध्या पोराला मुलगी देणार नाही. पेरण्यापासून घरात येईपर्यंत एक पीक तरी पुरं करून दाखव, मग हळदीचं बोलू. मी तिथल्या तिथे सांगितलं की रंगाची आल लावतो, आणि तिच्याच मुळ्यांत रंगवलेलं लाल लुगडं तुमच्या मुलीला नेसवतो. ते हसले, पण शब्द दिला.

गावही हसतं. जर्मन रंगाचे डबे आले तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातांनी आल उपटली होती. पण आता लढाईमुळे आगबोटी बंद, डबे बंद, आणि तुझ्या गल्लीतले हबीबचाचा रंगारी मुळ्यांसाठी गावोगाव फिरतात. त्यांचा मुलगा अन्वर परवा इथे येऊन गोमाईकाठचं शेत बघून गेला. आल तिसऱ्या वर्षी पिकते. तोवर भट्टी कशीबशी जागी ठेवतो म्हणाला. लहानपणी आम्ही कैऱ्या चोरायचो तेव्हाही पहाऱ्याला तोच असायचा.

तुझी माया आहे म्हणून इतकं तोंड चालतं. तिला निरोप दे.

तुझा नवल


नंदुरबार, ता. ९ फेब्रुवारी १९१७

चिरंजीव नवलला कौसाताईचे खूप आशीर्वाद.

निरोप दिला. दाराआडून विचारते, पीक केवढं झालं. मी म्हटलं गुडघ्याएवढं, तर म्हणाली, कुणाच्या गुडघ्याएवढं? तुझ्यापेक्षा हुशार आहे, सांभाळून राहा.

बातमी वेगळीच आहे. हबीबचाचांकडच्या जुन्या मुळ्या संपल्या. गल्लीतल्या भट्ट्या थंड पडल्या, हौदात बेडूक बसले. अन्वरने पलटणीच्या हमालीसाठी एक वर्षाचा अंगठा दिला, लढाईवर समुद्रापार बसऱ्याला गेला. इथे रिकामं बसून काय करू, नवलच्या मुळ्या निघाल्या की परत येतो, म्हणाला. रंग ढवळायची काठी कोपऱ्यात उभी करून गेलाय आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं बजावून गेलाय. चाचा रोज तिच्यावरची धूळ पुसतात. मी स्टेशनवर गेले होते. गाडी हलली तरी तो कुणाला तरी रंगाचं काहीतरी समजावून सांगत होता.

जेवत जा वेळेवर. बाबा बोलले का?

कौसाताई


ब्राह्मणपुरी, ता. ४ मार्च १९१८

ताई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

अन्वरचं कार्ड आलं. त्याचं वर्ष भरलं. विचारतो, आल निघाली का? निघाली असेल तर येतो, नसेल तर आणखी एका वर्षाचा अंगठा देतो.

मी एक ओळ उपटून पाहिली. मूळ कोवळं, रंग पिवळट. चाचांना दाखवलं. ते म्हणाले, चालेल, फिकं निघेल पण निघेल. मला नाही चालणार. भिला पाटलांपुढे लाल म्हणालोय, पिवळं घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ? मी अन्वरला कळवलं, घाई नको, अंगठा दे, थंडीत खणू. ती ओळ तेवढी वाळवून माळ्यावर टाकली.

शहाद्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. लढाई अजून पुष्कळ चालेल असं त्यात येतं. ऐकून बाकीचे गप्प होतात आणि मला घरी येताना शीळ घालावीशी वाटते. डबे परत आले तर माझं पीक मातीतच राहील, प्रमिलाही राहील. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडून मी एवढंच मागतो की थंडीपर्यंत ही लढाई थांबू नये.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

नवल


नंदुरबार, ता. २ एप्रिल १९१८

नवल, आशीर्वाद.

शाळेतली मराठी बाजूला ठेवते. तुले काही लाज शे का नही? दिव्यापुढे असलं मागतात? ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्याही घरी दिवा लागतो.

तू अन्वरला काय कळवलंस ते चाचांना सांगितलं. ते काठी पुसत बसले.

आणि प्रमिला म्हणाली, पिवळं असतं तरी मी नेसले असते. मला कुणी विचारलं का, असंही म्हणाली.

ताई


नंदुरबार, ता. २६ नोव्हेंबर १९१८

चिरंजीव नवलला आशीर्वाद.

लढाई संपली. कचेरीपुढे साखर वाटली. तापाच्या साथीने गल्लीत इतकी घरं रिकामी झालीत की साखर घ्यायला फार हात उरले नव्हते. चाचांच्या हातात साखर होती तेव्हाच पोस्टमन आला. आपला अन्वर आश्विनातच तापाने गेला. तिकडेच पुरला. कागद मीच वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला.

मुंबईचा दलाल येऊन गेला. आगबोटी सुरू झाल्या की डबे येणार, मुळ्या कुणी घेणार नाही. तरी भिला पाटील शब्दाला जागले. विको न विको, पीक घरात आलं म्हणजे आलं, माघात हळद लावू, म्हणाले. लुगडं रंगवायला चाचाही तयार आहेत.

एक लिहू का नको, असं झालंय. पहाटे गल्लीत आल शिजल्याचा वास येतो. जाऊन पाहिलं, भट्टीत राखसुद्धा नाही. मनाचे खेळ म्हणून गप्प राहिले. काल प्रमिलानेच विचारलं की चाचांनी भट्टी केव्हा पेटवली.

ये लवकर.

ताई


ब्राह्मणपुरी, ता. २० जानेवारी १९१९

तीर्थस्वरूप ताईस नवलचा नमस्कार.

मुळ्यांची गाडी घेऊन आलो तेव्हा तू समोरच होतीस, तरी भट्टीजवळ काय झालं ते मला तोंडाने सांगता आलं नाही.

मुळ्या छान निघाल्या होत्या. मुळी कापली की आत लालभडक. चाचांनी लुगडं रंगात सोडलं, जाळ वाढवला, आणि वर न बघता म्हणाले, "अन्वर, काठी धर, खाले लागी ऱ्हायनं."

मी ओ दिली, ताई. कोपऱ्यातून काठी घेतली आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहिलो. रंग कुठे धरायचा, कुठे सोडायचा, ते मला सांगत राहिले, बेटा म्हणत राहिले. मागितला होता तसाच लाल चढला. ते लुगडं त्यांच्या अंगणात दोरीवर आहे. चाचा ते उतरवत नाहीत, आणि माझा हात तिकडे जात नाही. तसंच राहू दे.

इथे शेत खणून नांगरून टाकलं, तरी तुटलेल्या मुळ्यांना पाऊस नसताना कोंब फुटतायत. बाबांनी नांगराचा फाळ धुतला. पाणी लाल निघालं. ते माझ्याशी बोलले. म्हणाले, ही आता कायमची इथे राहील.

माळ्यावरची ती पहिली ओळ खाली काढली आहे. एका लुगड्यापुरता रंग निघेल, पिवळट. या वेळी प्रमिलाला आधी विचार. ती हो म्हणाली तर तेच नेसू दे. नाही म्हणाली तर तेही बरोबर आहे.

हळद लागो न लागो, मी नंदुरबारला राहायला येतो. धंद्याची भट्टी आता पेटणार नाही, पण चाचा हाक मारतात.

माया असू दे, दोघांवरही.

दोन्ही नावांना ओ देणारा,
तुझा नवल