घडीच्या खुर्चीचं पेटंट माझ्या पश्चात

मी, ओवी राजेश घाडीगावकर, वय सत्तावीस, राहणार लालबाग, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. ‘दडपणाशिवाय’ लिहिताना हात अडला, तेही नोंदवते. माझी तब्येत ठणठणीत आहे. पण मृत्युपत्र झाल्याशिवाय शीवला उन्मेषच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी करायला जाणार नाही, असं गणपतकाकांनी बजावलं आहे. बाबांच्या मागे घरात त्यांचाच शब्द चालतो.

१. आईचे गुडघे गेले आणि चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला. म्हणून मी कॉटखाली सरकणारी घडीची शौचखुर्ची तयार केली. काकांच्या घोडपदेवच्या वर्कशॉपमध्ये तशा खुर्च्या बनतात. पेटंट माझ्या नावावर आहे.

२. काका पेटंटला पागडीची खोली समजतात. “पावती तुझ्या नावावर. तू शीवला नांदायला गेलीस की खोली गेली!” काकूंच्या मते उशिरा घरी येणं हेसुद्धा माझं पेटंटच. सरकारी मराठीत पेटंटला एकस्व म्हणतात. माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ती वस्तू बनवू किंवा विकू नये, एवढाच त्याचा अर्थ. तोही अर्जापासून वीस वर्षं आणि फी भरत राहिलं तर. काकांना मी लेखी परवानगी दिली आहे. ती माझ्या लग्नाने संपत नाही. हे मी त्यांना जेवताना, चहाला आणि एकदा जिन्यातही सांगितलं आहे.

३. तरीही माझ्या पश्चात पेटंट काकांच्या मयूरला मिळावं. मी फार जगले तर त्याला द्यायला काही उरणार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

४. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला, आकांक्षाला. लोखंड घासायची माझी कानस काकांना परत. ती धरायला त्यांनीच शिकवलं. पहिली खुर्ची आईचीच आहे, ती मी देऊ शकत नाही.

५. दुसरे साक्षीदार काका होणार होते. कच्चा मसुदा वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तू मरेपर्यंत ते तुझ्याकडेच? मग तू इथेच राहा.” मी कागदाची घडी करू लागले. आई कॉटवरून कागदासाठी हात पुढे करत म्हणाली, “हाड हय. माका सही करूक येता.”
“वहिनी, पोरगी जाईल.”
“जावंदे.”

म्हणून हे कलम नव्याने लिहून पुढील सह्या घेतल्या.

ओवी राजेश घाडीगावकर
साक्षीदार: १. संघमित्रा जाधव, मैत्रीण
२. कालिंदी राजेश घाडीगावकर, आई

लालबाग, मुंबई. ९ फेब्रुवारी २०२५