चिनी गुलाबाची हजेरी

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी.

काम असं. आईच्या खोलीच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जमिनीचा एक पट्टा आहे. दोन पलंग मावतील एवढा. सध्या त्यात फुटक्या फरशा, बंद पडलेला पाण्याचा पंप आणि वरच्या मजल्यांवरून पडलेले कपड्यांचे चिमटे. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई दिवसभर त्याच खिडकीत बसून असते. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते, तेवढंच.

काल धाकट्या भावाचा फोन आला. धाकटा म्हणजे बंगला, लॉन, माळी, झोपाळा. मे महिन्यात येऊन आईला घेऊन जातो म्हणाला, कायमची. इथे बसून ती पंप बघते, तिकडे निदान बाग बघेल.

मला त्याचं काही वाटलं नाही. जेवण गेलं नाही ते पित्तामुळे.

ठरवलं: मेच्या आत खिडकीखाली फुलांचा गालिचा. जमिनीवर पसरणारं फुलझाड. आईला एवढ्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

९ मार्च, रविवार

कामाला सुरुवात. दोन फरशा उचलल्या. तिसरीला कंबर म्हणाली, पुरे. मी प्लॅनिंगकडे वळलो आणि उरलेल्या हिने उचलल्या. (बायकोला रोजनिशीत नावाने लिहिणं मला जमत नाही.) पंप हलेना. तो शोभेसाठी ठेवायचा असं मी ठरवलं.

नर्सरीत गेलो. चिनी गुलाब घेतला. बारीक गुबगुबीत पानं, लालसर दांडे. नुसत्या काड्या मातीत खोचल्या तरी पसरतात म्हणे. नर्सरीवाला पुढे ऊन, पाणी, आणि ही फुलं कशी असतात बरं का, असं काहीतरी सुरू करत होता. मी थांबवलं. झाड विकत घेतलं होतं, भाषण नाही.

आईने खिडकीतून विचारलं की काय चाललंय. मी म्हणालो, ड्रेनेजचं काम.

१० मार्च, सोमवार

पाण्याचं वेळापत्रक केलं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली. ऑफिसात हजेरी विभाग मीच बघतो. कोण किती मिनिटं उशिरा आलं हे मला माणसाच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. शिस्त लावली की माणसं सरळ होतात, झाडं तर गरीब.

शिवाय उन्हाचा बंदोबस्त. काड्या कोवळ्या आहेत. कोवळ्या पोराला कुणी उन्हात बसवतं का? आमची निळ्या चौकड्यांची जुनी डबलबेडची चादर भिंतीच्या खिळ्यांना आणि खिडकीच्या गजांना बांधली. ऑफिसला निघण्याआधी रोज बांधायची, संध्याकाळी सोडायची.

ही म्हणाली की या झाडाला ऊनच लागतं. मी तिला शांतपणे समजावलं. बराच वेळ समजावलं. शेवटी ती बरं म्हणाली. पटलं असावं.

२० मार्च, गुरुवार

काही काड्या कुजल्या. माल खराब निघाला. ही म्हणाली, अति तिथे माती. मी म्हणालो, माती आहेच, म्हणून तर झाड लावलंय. ती कुजलेल्या काड्या उपटायला वाकली.

उद्यापासून सकाळची बादली तिच्याकडे सोपवतो. मला बसपर्यंत धावावं लागतं.

२ एप्रिल, बुधवार

पसरतंय. कुजलेल्या जागीसुद्धा नव्या काड्या उभ्या आहेत. याला म्हणतात जीव लावणं.

एक निरीक्षण: चादर सकाळी मी बांधतो त्यापेक्षा संध्याकाळी गाठी वेगळ्या असतात. हिला विचारलं. वारा असेल म्हणाली. या भागात वारा फार वाढलाय.

७ एप्रिल, सोमवार

कळ्या. भरपूर. हिरव्या, टोकदार, टोकाशी थोडा रंग. संध्याकाळी टॉर्च घेऊन पाहिल्या. आईने विचारलं की काय हरवलंय. मी म्हणालो, चिमटा.

१३ एप्रिल, रविवार

आज दिवसभर घरी. चादर स्वतः बांधली, स्वतः पहारा दिला. वाऱ्याला गाठीला हात लावू दिला नाही. ही दोनदा आली, चादरीकडे बघून परत गेली. कळ्या जशाच्या तशा. एकही उघडली नाही.

घाई नाही. मे अजून लांब आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

चिंतेची गोष्ट. संध्याकाळी पाहिलं तर कळ्यांच्या शेजारी भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे मऊ, गुंडाळलेले गोळे. कालही होते. म्हणजे कळ्या न उघडताच सडतायत. रोग आहे.

साबणाचं पाणी फवारलं. अर्धं माझ्याच डोळ्यांत गेलं.

जेवताना ही म्हणाली की आज काय सुंदर फुललंय. आधी डोळ्यांत साबण आणि वर हा टोमणा. मी आणखी एक पोळी घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस कानाडोळा करायला शिकतो.

२२ एप्रिल, मंगळवार

आज फार वाईट वाटलं. लिहायला नको होतं, पण लिहितो.

चहा घेताना आई आपणहून म्हणाली की ड्रेनेजचं काम छान झालंय हो, लाल आहेत, पिवळी आहेत, एक शेंदरी तर अगदी खिडकीला टेकलंय. मी उठून बाहेर जाऊन पाहिलं. मिटलेल्या कळ्या आणि सडके गोळे. बाकी काही नाही.

आईला नाही ते दिसायला लागलंय. मी परत आत आलो आणि हो म्हणालो, छान आहेत. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

धाकट्याला हे कळता कामा नये. इथे लक्ष दिलं जात नाही असं म्हणेल आणि उद्याच गाडी घेऊन येईल. ही खिडकी रिकामी झाली तर मला घरात पाय टाकवणार नाही. हे त्याला सांगता येत नाही, आईला तर त्याहून नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आईला टॅक्सीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेहमीची तपासणी असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर उत्तम आहे, रंग स्वच्छ दिसतायत. मी त्यांना बाजूला घेऊन खरी परिस्थिती सांगितली. नसलेली फुलं आईला दिसतात. त्यांनी विचारलं की तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले होते. धंदा, दुसरं काय.

२८ एप्रिल, सोमवार

ऑफिसात कॅशियर म्हणाला की झाडांशी बोलावं, बोललं की फुलतात. त्याच्या गॅलरीत म्हणे जंगल झालंय. कॅशियर रोज उशिरा येतो, पण खोटं बोलत नाही.

संध्याकाळी प्रयोग केला. पट्ट्यात स्टूल टाकून बसलो. आधी काय बोलावं सुचेना. मग म्हणालो, कसं काय, बरं आहे ना? तर खिडकीतून आई म्हणाली, बरं आहे, गुडघा जरा धरलाय. तिला वाटलं तिलाच विचारलं. प्रयोगात व्यत्यय.

३० एप्रिल, बुधवार

बोलणं चालू आहे. आज झाडांना ऑफिसातल्या राजकारणाविषयी सांगितलं. साहेबांनी माझ्या हातातला रजेचा अर्ज वाचायचा सोडून माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हे सांगितलं, त्याविषयी. आई आतून म्हणाली की तो मेला आधीपासूनच तसला आहे. आणि शर्ट काढून दे, बटण लावते.

झाडं मात्र गप्प.

९ मे, शुक्रवार

आज बाबांचा विषय निघाला. मी झाडांना सांगत होतो की लहानपणी सायकल शिकताना बाबांनी मागून सीट सोडली ते मला कळलंच नाही. आई म्हणाली, त्यांनी सोडलीच नव्हती, तूच उलटा बसला होतास. दोघं बराच वेळ हसलो. ही मध्येच पोळ्या टाकायच्या सोडून दारात येऊन उभी राहिली होती, कारण कळलं नाही.

कळ्यांवर परिणाम शून्य. प्रयोग फसला. तरी बसतो. स्टूल काढून ठेवायचा कंटाळा येतो.

१५ मे, गुरुवार

धाकट्याचा फोन. रविवारी येतो, रात्र राहतो, सोमवारी दुपारी आईला घेऊन निघतो. तिची खोली रंगवून तयार आहे.

ठीक आहे. माझाही प्लॅन तयार. रविवारी सकाळपासून चादर ताणून बांधायची, झाडांना पूर्ण विश्रांती द्यायची, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्यांसमोर चादर ओढायची. इतक्या दिवसांच्या सेवेनंतर झाडांना काहीतरी लाज असेल.

हिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी म्हणालो, आता सूचना नकोत. ती म्हणाली, नाहीच देत.

१८ मे, रविवार

चादर ओढली.

धाकटा, त्याची बायको, ही, खिडकीत आई. सगळे चहाचे कप घेऊन उभे. समोर हिरवं गवतासारखं काहीतरी, त्यात मिटलेल्या कळ्या आणि मध्ये पंप. एकही फूल नाही. धाकटा सभ्य आहे, तो म्हणाला हिरवळ छान आहे. त्याच्या बायकोने पंप चालतो का विचारलं.

मी म्हणालो, अजून सीझन सुरू व्हायचाय. आई काहीतरी बोलणार होती, पण मी घाईने आत गेलो. डोळ्यांत कचरा गेला होता. वारा फार.

रात्री जेवताना आई माझ्याकडे बघत होती. मी वरणात बघत होतो.

१९ मे, सोमवार

सकाळी आईच्या पाया पडून निघालो. ती म्हणाली, संध्याकाळी लवकर ये. मी हो म्हणालो. दुपारी जाणारं माणूस असं का म्हणतं? चादर बांधली नाही. कुणासाठी बांधायची? ऑफिसात मला स्वतःला लेटमार्क लागला, नोकरीतला पहिला. हजेरीचं मशीन अंगठा दुसऱ्यांदा लावल्यावरच घेतं हे लोक सांगतात ते खरं आहे.

अकराच्या सुमाराला मोबाइलवर धाकट्याचा फोटो आला. लाल, पिवळी, शेंदरी, गुलाबी फुलं, जमीन दिसत नव्हती इतकी. स्वतःच्या बागेचा फोटो पाठवतोय. आईला नेतोस ते ने, वर जखमेवर मीठ कशाला? माझं आतून पेटलं. बरंच काही टाइप केलं. पाठवण्याआधी फोटो मोठा करून पाहिला. फुलांच्या मधोमध पंप होता. भिंतीवर घडी घातलेली निळ्या चौकड्यांची चादर.

कॅशियरला दाखवला. तो म्हणाला, ही तर दहाला उघडतात आणि दुपारी मिटतात, कडक ऊन लागतं, सावली केली तर उघडतच नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, मलाही माहीत होतं. तुझी परीक्षा घेत होतो.

संध्याकाळी घरी आलो. कळ्या नेहमीसारख्या मिटलेल्या. खिडकीत आई.

धाकटा आईला न घेताच गेला. ओल्या कागदात गुंडाळून काड्या घेऊन गेला, त्याच्या माळ्याला दाखवायला. काय झालं ते हिने सांगितलं. मी सकाळी कोपऱ्यावर वळलो की ही रोज चादर काढायची, मी यायच्या आत बांधायची. दहापासून दोघी खिडकीशी चहा घेऊन बसायच्या. सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही समजावलंत.

आणि आई धाकट्याला म्हणाली म्हणे, तुझं लॉन मोठं आहे, पण मी इथेच बरी. सकाळी फुलं असतात, संध्याकाळी हा येऊन बोलतो. झाडांशी बोलतो, पण मला चालतं.

 प्लॅन यशस्वी झाला, एवढं मात्र नोंदवून ठेवतो. ठरवलं होतं मेच्या आत, मेच्या आतच झाला.

२० मे, मंगळवार

शुक्रवारची रजा टाकली. कारण: घरगुती पाहणी. इतक्या मेहनतीने फुलवलेली फुलं प्रत्यक्ष बघणं हा माझा हक्क आहे. साहेबांनी सही केली आणि बटण लागलेलं पाहून बरं म्हणाले.

२३ मे, शुक्रवार

साडेनऊलाच स्टूल टाकून बसलो. चादर नाही, बादली नाही. इस्त्रीचा शर्ट.

दहा वाजले. काही नाही. साडेदहा. काही नाही. वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. अकरापर्यंत सगळ्यांना लेटमार्क लावला. नंतर गैरहजेरी.

आई खिडकीतून म्हणाली की ढग असले की ती येत नाहीत, आज त्यांचीही रजा. आत बसलेली ही इतकी हसली की तिचा चहा सांडला.

रजा परत घेता येत नाही. तसाच बसून राहिलो. आई समोरच होती, पण दिवसाउजेडी तिच्याकडे बघून काय बोलावं ते सुचेना. मग पुन्हा झाडांकडे तोंड केलं आणि म्हणालो, गुडघा कसा आहे?

आई म्हणाली, आज बरा आहे.