न मावळणाऱ्या सूर्याची संध्या

तीर्थरूप अण्णांस,
उत्तर ध्रुवाच्या उंबऱ्यावरून संकर्षणचा साष्टांग नमस्कार.

नॉर्वेत सुखरूप पोहोचलो. थंडी बेताची आहे, अम्माची चटणीपुडी भरपूर आहे. काळजी नसावी.

अडचण एकच. संध्याकाळची संध्या केल्याशिवाय जेवायचं नाही, हा तुमचा नियम. आणि इथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही! काल पळी-पंचपात्र घेऊन समुद्रकाठी तीन तास वाट बघत उभा होतो. परिषदेतल्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, "संध्याकाळ." त्यांनी लगेच वही काढून लिहून घेतलं. अय्यो, ध्रुवाकडच्या माणसांवर निबंध वाचायला आलो आणि मीच निबंधाचा विषय झालो!

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता तुम्हाला नीट दिसतं ना? अम्मा फोनवर "सगळं छान" म्हणते, म्हणून विचारतोय.

मी तोड काढली आहे. म्हैसूरला सूर्य मावळून तुमची संध्या झाली, की मला मिस्ड कॉल द्या. इथे दुपार असेल, पण तीच माझी संध्याकाळ. संध्या करून जेवेन.

कॉल मात्र अम्माने लावायचा नाही. नंबर तुम्ही स्वतः बघून लावायचा. नाही आला, तर मी उपाशी.

तुमचा भुकेला,
संकर्षण