न्हाणीचा चर

मुंबई, ९ ऑगस्ट १९९७

चि. कडूबास आशीर्वाद.

मी बरा हाय. शेठच्या शिडाच्या बोटीवरलं काम बराबर चाललंय. जेवण टायमावर मिळतं. पोरं शाळेत जातात का?

बोटीच्या खोलीत खाली सागवानी फळ्या हायेत. शॉवरचं पाणी मुरलं की त्या फुगतात. म्हणून मी न्हाणीला उंच उंबरा बसवला, सांधे रबरानं बुजवले. कुणाची अंघोळ झाली की पाणी पंपानं समुद्रात काढतो, मंग गुडघ्यावर बसून फळ्या पुसतो.

आईनं पत्रात कळवलं, भिंतीला ओल आली म्हणून खाट खोलीच्या मधी ओढली. तुझं नाव तिनं घेतलं न्हाई. पण बाबांनी घरच्या न्हाणीपासून केळीपर्यंत काढलेला चर तू मोटरसायकल उभी करायला बुजवला, ते मी दिवाळीला आल्तो तवाच पाहिलं. आता तुमच्या अंघोळीचं पाणी तिच्या भिंतीत मुरून राह्यलं.

परक्याच्या फळ्या कोरड्या ठेवल्याचा मला पगार मिळतो. आईची भिंत कोरडी ठेवायला तुला काय पाहिजे, ते कळव.

दरवेळी लिहितो, माझ्या वतीनं आईच्या पाया पड. या वेळी पाया पडू नको. मोटरसायकल हलव, चर उकर.

तुझा मोठा भाऊ,
पुंजाराम