छाट मोडणाऱ्या बाया

२९ जानेवारी १९८४, शहापूर
पुढच्या रविवारी भंडाऱ्याची मंडळी नंदाला पाहायला येणार. मुलगा जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत, नंदा तिथल्या शाळेत शिक्षिका. बसमधली ओळख. दोघांच्या मनात आहेच, घरच्यांनी हो म्हणायचं तेवढं बाकी. हे हळूच म्हणाले, "जेलचं काढू नकोस. केंद्राची नोकरी, पोलीस चौकशा असतात."
मी पापड तळत राहिले.

३१ जानेवारी
आमच्या विडीवाल्या बायांच्या गटातली जैतुरा आली. "बाई, त्या दिवशी मी येत नाही जी. बोटं पाहून विचारतील."
आणीबाणीत पोलीस ठाण्यात तिच्या उजव्या हाताची बोटं काठीने मोडली. पुन्हा विडी वळता आली नाही. म्हटलं, "यायचं. पुढच्या खोलीत बसायचं."
ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

२ फेब्रुवारी
दिवसभर तेच आठवतंय. ठेकेदार चांगल्या विड्याही 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, आणि मग त्याच विकायचा. आमच्या गटाने ठरवलं, छाट म्हटली की ती विडी तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत मोडायची. पहिली जै.ने मोडली. इवलासा आवाज. मग ओटाभर तोच.
मग लाठ्या, मग तुरुंग.
आत बाया म्हणायच्या, गाणं म्हणा. मला येत होती फक्त कॉन्व्हेंटमधली इंग्रजी प्रार्थना. जै. म्हणाली, "तुमच्या देवाले मराठी येत नाही का जी?" सुजल्या तोंडांनी हसलो सगळ्या. पुढे रोज तीच प्रार्थना मागायच्या, अर्थ न कळता सूर धरायच्या. पन्नाशी उलटली, पण तशी देखणी माणसं पुन्हा पाहिली नाहीत.

५ फेब्रुवारी, रविवार
जै. धुवट लुगड्यात, हात पदराखाली. मुलाच्या आत्याने पानाचं तबक पुढे केलं. हात काढावाच लागला.
"बोटाले काय झालं वं?"
"पडलो होतो जी, बांधावर..."
नंदाने चहाचा ट्रे खाली ठेवला. "पोलिसांनी मोडली, आत्याबाई. हक्काची मजुरी मागितली म्हणून. आईसुद्धा मावशीसोबत जेलमध्ये होती."
ह्यांनी डोळे मिटले. मुलाचे वडील चष्मा पुसत म्हणाले, "कळवतो."
ते गेल्यावर जै. रडली. "नासवलं जी मी." तिची बोटं हातात घेऊन बसले. ऊर भरून आला होता, पण दुःखाने नव्हे. पोरीला मी कधी शिकवलं नव्हतं हे.

१२ फेब्रुवारी
निरोप नाही. "बसमध्ये तो पुढे बसतो, मी मागे," नंदा सांगते. विचारलं, पस्तावलीस?
"चहा गार झाला, तेवढंच वाईट वाटतं."
ते ऐकून हे हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी
संध्याकाळी बसमधून नंदा उतरली, मागोमाग तो. एकटाच. त्याला खरं तर भंडाऱ्याला उतरायचं असतं.
ओट्यावर जै. तूर निवडत होती. मला नमस्कार करून तो तिच्यासमोर खालीच बसला.
"बाबा नाहीच म्हणून राहिले, मावशी. माझं मी पाहीन. पण आधी सांगा, पोलिसांनी बोटं मोडावी असं तुम्ही करत काय होत्या?"
जै.ने माझ्याकडे पाहिलं.
हे उठून आत गेले. आपल्या बंडलातली एक विडी आणून तिच्या वाकड्या बोटांत ठेवली.
"दाखव त्याला," म्हणाले.