गच्चीपर्यंत न उतरलेला वारा

बाबा, उद्या संक्रांत आहे आणि आज संध्याकाळच्या बातम्यांत मला वारा सांगायचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण इथे या दिवशी अजूनही थंडीचं कोणी विचारत नाही. पतंग चढेल का, एवढंच विचारतात. मेकअप झाला आहे, थोडा वेळ आहे, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही स्टुडिओत एकदाच आलात. बडोद्यात फिजिक्समध्ये एमेस्सी, मग पुण्याला हवामानशास्त्र, एवढं केल्यावर मुलगी सरकारी खात्यात लागणार, हे तुम्ही तुमच्या रिफायनरीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी अहमदाबादला चॅनेलमध्ये लागले. त्या दिवशी तुम्ही कॅमेऱ्यामागे खुर्चीवर बसला होतात. नकाशा फक्त टीव्हीवर दिसतो, माझ्या मागे नुसती हिरवी भिंत असते. बाजूच्या पडद्यात बघत मी कच्छ, सौराष्ट्र, बडोदे दाखवते. बाहेर आल्यावर म्हणालात, "एवढं शिकून रिकाम्या भिंतीला हात करतेस?" मी हसले. अंदाजही मीच काढते, सकाळपासून तेच करत असते, हे सांगायचं राहून गेलं. परतताना गाडीत तुम्ही शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होतात.

मग ती संक्रांत. आदल्या संध्याकाळी मी चांगल्या वाऱ्याची शक्यता सांगितली होती आणि सकाळच्या गाडीने बडोद्याला, सुभानपुऱ्यातल्या घरी आले, तर पान हलत नव्हतं. वारा होता, पण वर. खाली थंड हवा बसून राहिलेली, त्यामुळे तो गच्चीपर्यंत उतरलाच नाही. आईने तिळगुळाचा डबा देऊन मला वर पाठवलं. जिन्यातच शेजारच्या काकांचा आवाज ऐकू आला, ते तुमच्याकडे मुलीचा वारा मागत होते, "साहेब, तमारी दीकरीनो पवन क्यां छे? अमदावादमां रही गयो?" सगळी गच्ची हसते आहे. मी तिथेच थांबते. आता तुम्हीही हसाल, नाहीतर त्या भिंतीचं सांगाल.

"एणे शक्यता कही हती, गॅरंटी नहीं," तुम्ही म्हणता. "अने पवन एना बापनो छे? बाप तो आ ऊभो!" पुन्हा सगळे हसले, पण हे हसू वेगळं होतं. मग थंड हवा खाली कशी बसते ते तुम्ही त्यांना समजावू लागलात. निम्मं चुकीचं होतं, पण वाक्यं माझीच होती, बातम्यांत मी म्हणते तशी. आणि मी समजत होते, माझ्या बातम्यांच्या वेळी तुम्ही मुद्दाम फिरायला जाता.

मी वर आले तेव्हा तुम्ही खाली बघून दोरा गुंडाळत होतात. "एवढा वेळ लावलास? आणि तुझा वारा कुठाय?"

"चपलेचा अंगठा तुटला," मी म्हणाले आणि तिळगुळ पुढे केला.

आतून हाक मारताहेत. हा कागद पर्समध्येच राहील. चप्पल धड होती, बाबा. चेहरा ठीक करायला वेळ लागला.