पहिल्या पानावरच्या टोप्या

गुरुवार, १२ जून २०२५. सातारा.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या चिटणीसांनी मला सांगितलं, की इंग्रजी वर्तमानपत्रांचे जुने खंड रद्दीत गेले. तेही हसत.

"आवं मॅडम, काळजी कशाला? परत्येक अंकाचं पहिलं पान स्कॅन केलंय."

"फक्त पहिलं?"

"मोठी बातमी पहिल्या पानावरच असती की!"

ब्रिटिश काळातल्या त्या पेपरांच्या पहिल्या पानावर जाहिराती असत, बातम्या आत. एकदा उघडून बघायलाही कोणाला सवड नव्हती? मी संगणकावर पाहिलं. साहेबांच्या टोप्या, बोटींच्या वेळा, पुन्हा टोप्या.

माझे आजोबा म्हसवडला शाळामास्तर होते. दुष्काळी कामावर बायकांना मारहाण होते, असं त्यांनी यातल्याच एका पेपरच्या संपादकाला पत्र लिहून कळवलं आणि त्यापायी नोकरी गेली. ते पत्र आतल्या पानावर छापलेलं होतं. मार्चमध्ये मी इथेच स्वतः वाचलं, शाळेत नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीच्या जोरावर. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, आणि हातानं उतरवून घ्यायचं मी पुढे ढकललं. मूर्ख मीच. आता नातवंडांना सांगितलं, तर म्हणतील आजीच्या गोष्टी. पुरावा काय दाखवू? टोप्या?

उद्या अर्ज देणार, पोच घेऊन. मजकूर असा: आतली पानं कोणाच्या सहीनं गेली आणि कोणत्या रद्दीवाल्याकडे गेली, ते सोमवार, १६ जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. तोंडी उत्तर मी ऐकून घेणार नाही.